बत्तीस जीबीवरून शहाण्णववर

व्हिडिओ एडिटिंगचं मशीन अडखळायला लागलं की सल्ला ठरलेला असतो: रॅम वाढव. सांगणाऱ्याला तुमच्या मशीनमध्ये आत्ता काय आहे, तुम्ही त्यावर कसलं काम करता, यातलं काही माहीत नसतं. तरी तो ठामपणे सांगतो. मला हा सल्ला कॅमेरामनने दिला, भाच्याने दिला, आणि ज्यांचा कॉम्प्युटर फक्त टॅलीसाठी चालू होतो त्या खालच्या मजल्यावरच्या सीएंनीही दिला. शेवटी मी रॅम वाढवलीच. पण त्याआधी माझ्या तक्रारी एकेक करून सुट्या केल्या, तेव्हा निम्म्यांचा रॅमशी काही संबंधच नाही असं निघालं. मेमरीचे सध्याचे भाव बघता हे आधी तपासलं ते बरंच झालं.

मी ठाण्यात, नौपाड्यात, घरातल्याच एका खोलीत बसून काम करते. नाटकाच्या प्रयोगांची रेकॉर्डिंग्ज, डॉक्टरांसाठी माहितीपर व्हिडिओ, पाडव्याच्या स्वागतयात्रेची फिल्म, अशी कामं. मशीन २०२३ च्या दिवाळीत असेंबल केलेलं: रायझन ९ ७९०० प्रोसेसर, बी६५० चा मदरबोर्ड, १२ जीबीचं आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड आणि डीडीआर५ या नव्या पिढीची ३२ जीबी रॅम, १६-१६ च्या दोन स्टिक. तेव्हा ते भरपूर वाटलं होतं आणि भरपूर होतंही. एक कॅमेरा, एचडी फुटेज, सुरुवातीला नाव, शेवटी श्रेयनामावली. आता गडकरी रंगायतनला प्रयोग शूट करायचा तर तीन कॅमेरे लागतात, तिन्ही फोरकेमध्ये. आणि क्लायंटला जिथे तिथे ग्राफिक्स हवं असतं.

खरा घाम काढला तो रेल्वेच्या प्रोजेक्टने. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेली पहिली प्रवासी गाडी, साहिब, सिंध आणि सुलतान ही तिची तीन इंजिनं, चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, हे ठाणेकराला पाठच असतं. त्यावर शाळांमध्ये दाखवायला एक छोटी फिल्म करायची होती आणि तिच्यात जुन्या नकाशांवरून तो ३४ किलोमीटरचा मार्ग हळूहळू रेखत न्यायचा होता. नकाशे स्कॅन होऊन आले, एकेक स्कॅन १२,००० बाय ९,००० पिक्सेलचा. आफ्टर इफेक्ट्स या हलत्या ग्राफिक्सच्या प्रोग्रॅममध्ये असे सहा नकाशे एकावर एक ठेवले, कॅमेरा फिरवायला घेतला आणि मशीनने मान टाकली.

पहिलं काम केलं ते दुसऱ्या मॉनिटरवर विंडोजचा टास्क मॅनेजर कायम उघडा ठेवण्याचं. परफॉर्मन्स टॅबमध्ये मेमरीवर क्लिक केलं की ‘इन यूज’ आणि ‘कमिटेड’ असे दोन आकडे दिसतात. बहुतेक जण पहिलाच बघतात आणि ‘बघा, नव्वद टक्के भरली’ म्हणून दुकान गाठतात. पण तो आकडा एकट्याने फारसं सांगत नाही. रॅम मोकळी असेल तर हे प्रोग्रॅम ती वापरणारच, त्यासाठीच ती घेतलेली असते. कमिटेड म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमनी मिळून विंडोजकडे मागून ठेवलेली मेमरी. हा आकडा रॅमच्या बराच वर गेला, आणि त्याच वेळी रिसोर्स मॉनिटरमधला ‘हार्ड फॉल्ट्स’चा आलेख उड्या मारायला लागला, तर समजायचं की रॅममध्ये मावेना म्हणून विंडोज डेटा एसएसडीवर उतरवतंय आणि लागेल तसा पुन्हा वर चढवतंय. माउस अडकतो, क्रोमच्या टॅबवर क्लिक केलं की ती विचार करत बसते, ते याच वेळी.

हे दोन आकडे समोर ठेवून आधी नाटकाचं काम उघडलं. तीन कॅमेऱ्यांचा मल्टिकॅम प्रीमियर या एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये चालवला की चित्र अडकत होतं, आवाज पुढे पळत होता. सगळ्यांचं बोट रॅमकडे. आणि टास्क मॅनेजर सांगत होता की ३२ पैकी जेमतेम १७-१८ जीबी वापरात आहे, हार्ड फॉल्ट्स शांत, मात्र प्रोसेसर शंभर टक्क्यांना टेकलाय आणि ग्राफिक्स कार्डाचा ‘व्हिडिओ डीकोड’ जवळपास शून्यावर झोपलाय. कारण फुटेजमध्ये होतं. नवा कॅमेरा एच.२६५ मध्ये १०-बिट, ४:२:२, म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवून, रेकॉर्ड करतो. रंग सुधारायला ते उत्तम, पण हा प्रकार आरटीएक्स ४० मालिकेची कार्डं हार्डवेअरवर उलगडू शकत नाहीत. इंटेलच्या गेल्या काही पिढ्यांच्या प्रोसेसरमधलं क्विक सिंक ते करतं, एनव्हिडियाच्या ५० मालिकेत ती सोय आली. माझ्याकडे यातलं काहीच नाही, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर. उपाय फुकटचा निघाला: फुटेज आत घेतानाच कमी रिझोल्यूशनच्या प्रॉक्सी, म्हणजे हलक्या नकला, बनवायला लावायच्या आणि एडिट त्यांच्यावर करायचं. इथे १२८ जीबी रॅम घातली असती तरी चित्र तिथेच अडकलं असतं.

दुसरी तक्रार डाविंची या प्रोग्रॅममधली. रंगकाम करताना नॉइज रिडक्शन लावलं की ‘जीपीयू मेमरी फुल’ असा संदेश यायचा. ती मेमरी ग्राफिक्स कार्डावरची, तिथली १२ जीबी कार्डाला सोल्डर केलेली. तिचा मदरबोर्डवरच्या रॅमशी संबंध नाही. तो विषय तिथेच मिटला.

उरला नकाशा. तो उघडल्यावर मात्र कमिटेड ५५ च्या पुढे आणि हार्ड फॉल्ट्सचा आलेख सह्याद्रीसारखा. इथे अंदाजावर न जाता कागद-पेन घेतलं, आणि हा हिशोब सगळ्यांनी एकदा करावा असाच आहे. आफ्टर इफेक्ट्स प्रिव्ह्यू करतं तेव्हा प्रत्येक फ्रेम न दाबता, आहे तशी मेमरीत ठेवतं. फोरके फ्रेम म्हणजे ३८४० गुणिले २१६० पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे चार चॅनल. १६-बिटचा प्रोजेक्ट असेल तर प्रत्येक चॅनलला दोन बाइट. एका फ्रेमचे झाले साधारण ६६ एमबी. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे सेकंदाला १.६६ जीबी. शिवाय माझा एकेक नकाशा त्याच हिशोबाने ८६४ एमबी खातो, सहा नकाशांचे पाच जीबीच्या वर. ३२ मधून विंडोज, प्रीमियर आणि ब्राउझर वजा जाता आफ्टर इफेक्ट्सच्या वाट्याला वीसेक जीबी यायचे. त्यातून नकाशे वजा केले की प्रिव्ह्यूला उरतात १४-१५, म्हणजे आठ-नऊ सेकंद. आणि प्रत्यक्षात तयार प्रिव्ह्यू दाखवणारी हिरवी पट्टी नेमकी तेवढीच भरून थांबत होती. माझा नकाशाचा शॉट अर्ध्या मिनिटाचा.

कोणी म्हणेल, प्रिव्ह्यू हाफ रिझोल्यूशनला बघ. बघतेच, त्याने फ्रेम एक चतुर्थांश होते. प्रोजेक्ट ८-बिट केला तर आणखी निम्मी. पण जुन्या कागदाच्या पिवळट छटा ८-बिटमध्ये पट्टे पाडतात, आणि गावांची नावं हाफमध्ये वाचता येत नाहीत. २०२५ मधल्या आवृत्तीपासून आफ्टर इफेक्ट्स प्रिव्ह्यूच्या फ्रेम डिस्क कॅशमधूनही, म्हणजे डिस्कवर साठवून, चालवतं, चांगली एनव्हीएमई एसएसडी असेल तर लांब प्रिव्ह्यू आता रॅमवाचूनही निभतो. ही सोय आल्यावर मी खरेदी जवळपास रद्दच करत होते. मग रेंडर, म्हणजे शॉटची अंतिम फाइल बनवण्याचं काम, लावून बघितला. आफ्टर इफेक्ट्स आता प्रोसेसरच्या अनेक कोअरवर एकाच वेळी वेगवेगळ्या फ्रेम रेंडर करतं, आणि हातात घेतलेल्या प्रत्येक फ्रेमला मेमरीत वेगळी जागा लागते. जागा कमी पडली की ते मुकाट्याने कमी फ्रेम हातात घेतं. माझा बारा कोअरचा प्रोसेसर नकाशाच्या रेंडरमध्ये बहुतेक वेळ बसून होता, कारण त्याला वाढायला ताटच नव्हतं. इथे डिस्क कॅश मदतीला येत नाही. रॅम हवी हे तेव्हा पक्कं झालं.

किती हवी, हेही मग त्याच कागदावर ठरलं. आफ्टर इफेक्ट्स सोडून बाकी सगळ्यांना २० जीबी आणि नकाशांना पाच धरले, तर ६४ जीबीत प्रिव्ह्यूला उरतात ३९, म्हणजे तेवीस सेकंद. शॉट पुरा होत नाही. ९६ मध्ये उरतात सत्तरेक, चाळीस सेकंदांच्या वर. १२८ चा विचार केला, पण ६४ जीबीच्या स्टिक बाजारात नव्या, भाव अंगावर येणारा, आणि माझ्या कामात त्यांचं करायचं काय हे मला सांगता येईना. नुसता प्रीमियरवर नाटकं कापत असते तर ३२ पुरले असते. फोरकेसाठी अ‍ॅडोबीची स्वतःची शिफारसही तेवढीच आहे.

आता सोपा मार्ग दिसत होता तो असा: मदरबोर्डवर चार स्लॉट, दोन रिकामे, तिथे आणखी दोन स्टिक ठोकून द्यायच्या. डीडीआर४ च्या काळात आपण सगळ्यांनी हेच केलं. डीडीआर५ मध्ये ते तितकं सरळ नाही. माझ्या प्रोसेसरसाठी एएमडीने, म्हणजे रायझन बनवणाऱ्या कंपनीने, स्वतः दिलेले रॅमच्या वेगाचे आकडे बघा: दोन स्टिक असतील तर ५२००, चार असतील तर ३६००. चार स्टिक लावल्या की प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवरचा विजेचा भार वाढतो, सिग्नल तेवढा स्वच्छ राहत नाही, वेग खाली आणावा लागतो. ६००० ला दोन चॅनल मिळून कागदावर सेकंदाला ९६ जीबी वाहतात, ३६०० ला ५७.६. डीडीआर४-३२०० चे ५१.२ होते. म्हणजे पैसे डीडीआर५ चे आणि चाल जवळपास मागच्या पिढीची. काहींच्या चार स्टिक बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सॉफ्टवेअरमध्ये, खटपट करून ५६००-६००० ला चालतातही. पण डेडलाइनच्या मशीनवर नशिबाची परीक्षा कशाला.

ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानात हे बोलून दाखवलं तर शेठ हसला. ‘ताई, आम्ही रोज चार-चार लावून देतो, काही होत नाही.’ काही होत नाही हे खरं आहे, मशीन चालू होतं. ते किती वेगाने चालतंय हे कोण बघतो! त्याच्याकडे रंगीत दिव्यांच्या स्टिक होत्या, उंच हीटसिंकवाल्या. त्या माझ्या कूलरच्या पंख्याखाली बसल्याच नसत्या. हे आधी मोजून गेले होते. पंखा आणि स्लॉट यांच्यात चार बोटांचीही जागा नव्हती.

मग दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, लॅमिंग्टन रोडला. तिथल्या एका जुन्या दुकानात काउंटरवरच्या मुलाने पहिलाच प्रश्न विचारला, ‘मदरबोर्डचा मॉडेल नंबर?’ मला तिथेच बरं वाटलं. त्याने मोबाइलवर कंपनीच्या साइटवरची क्यूव्हीएल काढली, म्हणजे त्या बोर्डावर तपासून घेतलेल्या स्टिकची यादी, आणि पार्ट नंबर अक्षर-अक्षर जुळवून बघितला. पार्ट नंबर महत्त्वाचा अशासाठी, की एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या स्टिकमध्ये आतल्या चिप वेगळ्या असू शकतात. तो म्हणाला, ‘४८ च्या दोन घ्या मॅडम, पण आधी बायोस अपडेट करा. तुमचा बोर्ड जुना, ४८ वाली त्याला ओळखू येणार नाही.’ बरोबर होतं. २४ आणि ४८ जीबीच्या स्टिक २०२३ मध्ये आल्या, आणि तेव्हाच्या एएम५, म्हणजे माझ्या प्रोसेसरच्या सॉकेटच्या, बोर्डांना त्यांच्यासाठी नवं बायोस लागतं.

वेगाबद्दल त्याच्याशी थोडी हुज्जत घातली. खोक्यावर ६००० मोठ्या अक्षरात असतं आणि सीएल, म्हणजे मेमरी उत्तर द्यायला किती ठोके घेते तो आकडा, बारीक. खरा उशीर दोन्ही मिळून ठरतो: सीएलला २००० ने गुणायचं आणि वेगाने भागायचं, उत्तर नॅनोसेकंदात. ६००० सीएल३० म्हणजे १०. ५६०० सीएल४६ म्हणजे सोळाच्या वर. गंमत म्हणजे जुनी डीडीआर४-३२०० सीएल१६ सुद्धा १० च. माझ्या प्रोसेसरच्या पिढीला ६००० हा आकडा मानवतो, मेमरी कंट्रोलर त्याच घड्याळावर बरोबरीने चालतो. ८००० ची स्टिक घातली तर कंट्रोलर निम्म्या वेगावर उतरतो आणि फायदा बराचसा तिथेच जिरतो. ६००० सुद्धा एएमडीच्या हिशोबाने ओव्हरक्लॉकच बरं का, कारण अधिकृत आकडा ५२०० आहे. सीएल३० आणि सीएल३६ मधला फरक रेंडरमध्ये मला जाणवणार नव्हता, गेमवाल्यांना जाणवत असेल. सीएल३६ घेतली. वाचलेले पैसे क्षमतेत घातले.

भावाचं काय सांगावं! २०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून रॅम दुपटीच्या वर गेली. डीरॅम, म्हणजे रॅमच्या चिप, बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, आणि त्यांचा ओढा एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीकडे. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. दुकानात भाव लिहिलेला नव्हता, विचारला की मुलगा आत फोन करून आजचा विचारत होता, सराफाकडे विचारावा तसा. ‘बिलाशिवाय घेतली तर थोडं कमी होईल’ हेही दबक्या आवाजात झालं. नको म्हटलं. जीएसटीचे १८ टक्के माझा नंबर असल्याने क्रेडिटमध्ये परत मिळतात, आणि वॉरंटीला बिल लागतं. ते पुढे कामी आलंच.

ईसीसीची चौकशीही केली होती. शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक स्ट्रक्चरल इंजिनियर आहेत, त्यांचं विश्लेषण कधी कधी दिवसरात्र चालतं. एखादा बिट मध्येच उलटला तर उत्तर चुकतं आणि चुकलंय हे कळतही नाही, म्हणून ते चूक पकडून दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी वापरतात. डीडीआर५ मध्ये चिपच्या आत ईसीसी असतेच, पण ती चिपपुरती. चिप ते प्रोसेसर या वाटेवरच्या चुका ती धरत नाही. माझ्या फिल्ममध्ये एका फ्रेमच्या एका पिक्सेलचा रंग बदलला तर मी पुन्हा रेंडर लावेन. जास्तीचे पैसे मोजावेत असं काही मला दिसलं नाही. सर्व्हरवाली आरडीआयएमएम स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका, एवढं मात्र सांगते. साध्या बोर्डाच्या डीडीआर५ स्लॉटमध्ये ती बसतच नाही, खाचच वेगळी असते.

घरी आल्यावर आधी बायोस. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून त्यावर फाइल, मशीन यूपीएसवर. अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्डाची वीट होते, आणि आमच्याकडे पावसाळ्यात महावितरणचा भरवसा धरण्यापेक्षा यूपीएसचा धरलेला बरा. मग मशीन बंद, वायर काढून, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली आणि जुन्या स्टिक काढल्या. दोनच स्टिक असतील तर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या, बोर्डावर बारीक अक्षरात ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं. माझ्या बोर्डाला खटका एकाच टोकाला आहे, दुसरं टोक नुसतं खोबणीत सरकतं. त्यामुळे खटक्याचं टोक ‘टक्’ करून बसलं तरी दुसरं अर्धा मिलिमीटर वर राहू शकतं, आणि मग मशीन उठत नाही. दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून, बोर्ड वाकतोय की काय असं वाटेपर्यंत दाबावं लागतं.

बटण दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन काळी. बोर्डाच्या कोपऱ्यात ‘डीरॅम’ लिहिलेला पिवळा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. हा प्रकार ठाऊक नसेल तर माणूस घाबरून मशीन बंद करतो. नवीन मेमरी दिसली की एएम५ बोर्ड तिचं ट्रेनिंग करतं, म्हणजे प्रत्येक तारेवरची वेळ चाचपून बसवतं, आणि जेवढी रॅम मोठी तेवढा वेळ जास्त. काही मिनिटं जातात. भाचा व्हिडिओ कॉलवर होता, तो म्हणत होता, ‘मावशी, बंद कर, जळेल.’ त्याला म्हटलं गप्प बस. मग दिवा विझला आणि लोगो आला. बायोसमध्ये ९८,३०४ एमबी दिसली, वेग ४८००. एक्सपो ही बायोसमधली सेटिंग चालू करेपर्यंत स्टिक खोक्यावरचा वेग धरत नाहीत. कित्येकांची ६००० ची रॅम वर्षानुवर्षं ४८०० लाच चालत असते, कारण असेंबल करणाऱ्याने एक्सपो चालू केलेलंच नसतं. इंटेलच्या बोर्डावर हेच एक्सएमपी नावाने असतं. मशीनची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेडमध्ये ३००० दिसलं तर मात्र घाबरायचं कारण नाही, घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा डेटा जातो.

विंडोज उठलं, सगळं झकास. तरी रात्री मेमटेस्ट८६ लावलं. पेनड्राइव्हवरून चालतं, विंडोजच्या आधी, आणि मेमरीचा कोपरा न् कोपरा लिहून-वाचून बघतं. ९६ जीबीला चार फेऱ्या म्हणजे अख्खी रात्र. सकाळी चहा घेऊन बघते तर स्क्रीनवर लाल ओळी. एक्सपो बंद करून पुन्हा लावलं, तरी लाल. मग एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये आलटून-पालटून लावली. एक स्वच्छ, दुसरीत पहिल्याच फेरीत चुका. स्लॉट तोच, म्हणजे दोष स्टिकचा. स्क्रीनचे फोटो काढले, बिल घेतलं आणि पुन्हा ग्रँट रोड.

काउंटरवर या वेळी मालक होते. ‘विंडोज चालू होतंय ना? मग?’ हा त्यांचा बचाव. हाच तर वांधा असतो. खराब स्टिकवर विंडोज महिनोन् महिने चालू राहतं, आणि तिसऱ्या तासाला रेंडर कोसळतो, एखादी प्रोजेक्ट फाइल उघडेनाशी होते. आपण सॉफ्टवेअरला शिव्या देत बसतो. फोटो दाखवले, तो मुलगा मधे पडला, आणि त्यांनी दोन्ही स्टिक परत घेऊन नवीन जोडी दिली. जोडीच बदलून घ्यायची, कारण त्या एकत्र तपासून एका खोक्यात भरलेल्या असतात. नवी जोडी एक्सपो चालू ठेवून रात्रभर तपासली. एकही लाल ओळ नाही.

जुन्या १६-१६ विकायला काढल्या तर संध्याकाळपर्यंत गेल्या, आणि २०२३ मध्ये घेतल्या त्याहून जास्त भावात. असं कॉम्प्युटरच्या सामानात आयुष्यात पहिल्यांदा झालं.

फरक? नकाशाचा शॉट पूर्ण रिझोल्यूशनला एका दमात चालतो. रेंडरमध्ये प्रोसेसर आता कामाला लागलेला दिसतो. प्रीमियर, आफ्टर इफेक्ट्स आणि फोटोशॉप एकदम उघडे ठेवून एकातून दुसऱ्यात उडी मारली तर मशीन कुरकुर करत नाही. आफ्टर इफेक्ट्सच्या मेमरी सेटिंगमध्ये बाकीच्या प्रोग्रॅमसाठी २० जीबी राखून ठेवले आहेत; ते न करता सगळं त्याच्या हवाली केलं की ते खुशाल सगळं खातं आणि क्रोम उपाशी मरतं. नाटकाच्या एक्स्पोर्टला मात्र पूर्वीएवढाच वेळ लागतो, मल्टिकॅमला प्रॉक्सी अजून लागतात, आणि डाविंची नॉइज रिडक्शनला तीच तक्रार करतं.

स्वागतयात्रेला माझ्यासोबत फोटो काढणारा एक मित्र आहे. त्याचं लाइटरूम, म्हणजे फोटोंचा प्रोग्रॅम, रांगतं म्हणून तोही ९६ जीबी घ्यायला निघाला होता. त्याला मशीनसमोर बसवून टास्क मॅनेजर उघडायला लावला. ३२ पैकी १३ जीबी मोकळी, हार्ड फॉल्ट्स शून्य, आणि कॅटलॉग, प्रिव्ह्यू, सगळं यूएसबीला लावलेल्या जुन्या हार्ड डिस्कवर. ती डिस्क शंभर टक्के कामात. आता तो एसएसडी शोधतोय, आणि त्यांचेही भाव चढलेत म्हणून माझ्यावरच चिडलाय.